दोन दशम्या

४ ऑगस्ट

मासेमारीची बंदी उठून चार दिवस झाले, बोटी गेल्या, आणि आज आमच्या खाडीवरच्या कोळंबी सोलायच्या शेडला सॉफ्टवेअर आलं. म्हणजे एक संगणक, भिंतीवर अंगठ्याचं मशीन आणि ते बसवायला वापीहून मितेश. पस्तिशीचा, टक्कल पडायला लागलेलं, खिशात तीन पेनं. मला 'भावनाबेन' म्हणतो. मराठी बोलतो, त्याच्या पद्धतीने.

तलासरीच्या आमच्या पॅकिंग कारखान्यात हे दोन वर्षं चालू आहे. तिथलं सगळं सरळ. नऊला भोंगा, साडेपाचला सुट्टी, रविवारी कुलूप. आस्थापनेचे देसाईसाहेब तलासरीहून फोनवर म्हणाले, "तयार माल आहे मॅडम. फक्त तुमच्याकडे बसवायचा."

तयार ब्लाउज आजवर मला एक बसलेलं नाही.

कागदी हजेरीपट आजपासून बंद. दोन-दोन नोंदी नकोत असा आदेश. एकवीस वर्षं भरलेला हजेरीपट कपाटात टाकला आणि दिवसभर उगाचच कपाट उघडून बघत राहिले.

६ ऑगस्ट

मशीन बायकांचे अंगठे घेत नाही. शेडवर बाराजणी, त्यातल्या चौघींचेच उमटले. बाकीच्यांना "कृपया पुन्हा प्रयत्न करा". बर्फ आणि मीठ यात जन्म गेलेले हात ते. अंगठ्यावरच्या रेघा राहतील कुठून?

सगळ्यात जास्त वेळ ताराआतेला लागला. बाबांची ही धाकटी बहीण, धाकट्या डहाणूतच राहते. बाराजणींची म्होरकी तीच. अकरा वर्षं इथे आहे आणि अकरा वर्षं हंगामी. दहाही बोटं लावून झाली. शेवटी डाव्या हाताची करंगळी मशीनला पटली. मशीन बोललं, "थँक यू."

आते मशीनला म्हणाली, "बरं गो."

शेडभर हसू. मितेशसुद्धा पेन खाली ठेवून हसला.

१८ ऑगस्ट

पहिल्या पंधरवड्याचा तक्ता निघाला. बघून डोकं फिरलं. सगळ्या बायका निम्मे दिवस 'उशिरा'. रविवारी आलेल्या, ते 'अनधिकृत'. अष्टमी-नवमीला घरी, ते 'गैरहजर'.

मितेशला फोन. अर्धा तास समजावलं. बोटी खाडीत शिरतात त्या भरतीला. भरती रोज पाऊण तास पुढे जाते. म्हणून शेडही रोज पाऊण तास पुढे. आज नऊला तर उद्या पावणेदहाला. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, खाडी भरतच नाही, त्या दिवशी आमची सुट्टी. दोन पंधरवड्यांचे मिळून चार दिवस. तुमचे चार रविवार, आमचे चार भांगाचे. हिशेब तोच, दिवस वेगळे.

तो म्हणाला, "बेन, सिस्टीममधे आठवडा सात दिवसचाच असते."

"समुद्रात नसतो."

"ते स्टँडर्डमधे नाय."

'स्टँडर्डमध्ये नाही' हे वाक्य मी आज सहा वेळा ऐकलं.

२ सप्टेंबर

तलासरीहून पत्रक. एप्रिल ते मार्च या वर्षात ज्यांचे दोनशे चाळीस दिवस भरतील त्या हंगामी बायकांना कायम करणार. वय अठ्ठावन्नच्या आत हवं. हजेरी सॉफ्टवेअरमधली धरणार, दुसरी नाही. एप्रिल-मेची कागदावरून त्यात चढवून झालेली आहे.

पत्रक शेडवर मी वाचून दाखवलं. कायम म्हणजे आजारपणाची रजा, कायम म्हणजे दवाखान्याचं कार्ड. ताराआतेचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून गेलेला आहे, डॉक्टर ऑपरेशन सांगतात, ती लेपावर भागवते. येत्या जूनमध्ये तिला अठ्ठावन्न पूर्ण होतील. म्हणजे हेच वर्ष. पुढचं नाही.

तिने विचारलं, "यांच्या यंत्रात माजे दिवस बरोबर पडतील ना गो?"

मी म्हटलं, "आते, माणूस चुकतो. मशीन खोटं बोलत नाही."

छातीठोकपणे म्हटलं. मनात तेव्हाही धाकधूक होती. पण बारा बायका बघत होत्या.

११ सप्टेंबर

'बदलाची विनंती' नावाचा चार पानी अर्ज भरला. रकाना : सध्याची पद्धत. रकाना : अपेक्षित पद्धत. रकाना : हा बदल न केल्यास व्यवसायावर होणारा परिणाम. तिथे लिहिलं, मासळी कुजेल. खोडलं. परत लिहिलं.

देसाईसाहेबांचा फोन : "मॅडम, बायकांना नऊला बोलवायला काय हरकत आहे?"

"बोलवते साहेब. बोटी तीन वाजता आल्या की त्या काय सोलतील तोवर?"

ते कारखान्याचे, समुद्राशी संबंध रविवारी पारनाक्याला फिरायला जाण्यापुरता. वाईट नाही माणूस. फक्त त्यांच्या घड्याळाला एकच तोंड आहे.

घरी ह्यांच्यावर चिडले, कारण नसताना. हे कोसबाडला शाळेत शिकवतात, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं त्यांना ठाऊक आहे. बोललेच नाहीत.

२३ सप्टेंबर

मितेश स्वतः आला. मंजुरी मिळाली! दिवसभर दोघं संगणकासमोर.

बाबांचं गणित त्याला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ येते. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ. नऊला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. चतुर्थीला तीन. त्याच्या अर्धा तास आधी हजेरी. त्याने कागदावर चार-पाच तिथी करून बघितल्या, मोबाईलवरच्या भरतीच्या वेळा लावून बघितल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हे गणित स्वतः शोधलंय. "बेन, आ तो एकदम मस्त छे." आनंद झाला की गुजरातीत जातो.

मग म्हणाला, प्रत्येक दिवसाच्या शिफ्टला वेगळं नाव पाहिजे, एक नाव दोनदा येता कामा नये. मी म्हटलं, नाव तयारच आहे, तिथी. महिना, पक्ष, तिथी. कार्तिक शुद्ध पंचमी वर्षातून एकदाच येते.

त्याने विचारलं, "एक तिथी दोन वेळा तर नाय ना येत?"

मी हसले. "एकादशी दोनदा आली तर उपास कोण धरेल मितेशभाई?"

तोही हसला. बसवून टाकलं.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या नोंदी त्याने मशीनमधून वेळच्या वेळी उतरवून ठेवल्या होत्या त्या दिल्या, मी एकेक करून हाताने दुरुस्त केल्या. 'हजेरी दुरुस्ती' म्हणून एक बटण आहे, माझ्या नावाने उघडतं. सव्वाचारशे वेळा दाबलं असेल.

१० ऑक्टोबर

चालतंय! दहा दिवस झाले, एकही 'उशिरा' नाही. तलासरीहून शाबासकीचं पत्र. 'डहाणू शेडचा अभिनव प्रयोग.' माझं नाव त्यात आहे, मितेशचं नाही, म्हणून त्याला फोन करून वाचून दाखवलं.

तरी बसवत नाही एका जागी. मासळी मोजायच्या यादीत किलो आहे, नग आहे, डझन आहे, लिटरही आहे. टोपली नाही. लिटर कशाला हवंय यांना? परत अर्ज.

आतेला पत्र दाखवलं. म्हणाली, "तुज्या बापाचं नाव नाय टाकलं त्यांनी."

१४ नोव्हेंबर

आज सुमन आली नाही. तिच्या नवऱ्याची बोट काल यायची, आली नव्हती. बंदरावर बसून होती. दुपारी आली बोट, इंजिन बंद पडलं होतं, बाकी काही नाही.

पण सॉफ्टवेअर गैरहजेरीचं कारण मागतं, आणि त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. दहा कारणं दिलेली आहेत, त्यातून एक निवडायचं. ताप, लग्न, मृत्यू, परीक्षा... 'नवऱ्याची वाट बघत होती' असं कुठे नाही. 'इतर' निवडलं. मग विचारतं, इतर म्हणजे काय. तीस अक्षरांत.

लिहिलं : बोट उशिरा आली. ते घेतलं त्याने.

या यंत्राशी मी मनातल्या मनात फार भांडायला लागले आहे. जेवताना श्रुती म्हणाली, "आई, ओठ हलतायत तुझे."

२८ जानेवारी

श्रुतीचा साखरपुडा झाला. मसोलीच्या आमच्या एवढ्याशा घरात साठ माणसं. सगळं नीट पार पडलं. पोरगा बरा आहे, लाजाळू आहे, आते म्हणते तसलेच टिकतात.

आते सकाळी सहापासून इथे. पुऱ्या तिनेच लाटल्या, एका पायावर भार देऊन. आधी म्हणत होती, शेडवर जाऊन मग येते. पण भरती साडेसातची, शेड सातला, येईपर्यंत दुपार झाली असती. मीच म्हटलं, आई नाही माझी, तू तरी असावीस सकाळपासून. एक दिवस नाही गेलीस तर असं काय मोठंसं होणार आहे?

ओटी भरताना आईची आठवण आली आणि मी आतेच्या खांद्यावर रडले, पाहुण्यांसमोर.

जाताना जानेवारीतली नवी सुकट बांधून आणून देते म्हणाली.

९ मार्च

तलासरीहून कच्ची यादी आली, मार्चअखेरपर्यंतचे दिवस हजर धरून. बारापैकी चौघी पात्र. आठ नाहीत!! ताराआते : दोनशे छत्तीस.

शेडवर सांगितलं. आते म्हणाली, "माजे जास्ती हायत."

"आते, त्यात आहेत तेवढे आहेत."

"नाय गो. माजे जास्ती हायत. मंदाचे पन जास्ती हायत."

मी चिडले. सगळ्यांसमोर म्हटलं, "तू दिवस तोंडी मोजतेस, ते करंगळी घेऊन मोजतं. मी काय त्याच्या डोक्यात बसलेय?" ती कोळंबीची टोपली ओढून सोलत बसली. मान खाली.

घरी येऊन जेवले नाही. अकरा वर्षांत तिने मला एकदाही दिवस वाढवून मागितलेला नाही.

११ मार्च

आते सकाळी ऑफिसात आली, काखेत गुंडाळी. तिच्या घरचं भिंतीवरचं कॅलेंडर. मागल्या वर्षाचं, खिळ्यावर नव्याच्या मागे लटकत होतं.

प्रत्येक चौकोनात निळ्या पेनाने आकडा. बारा. बारा. अकरा, खाली 'सुमन नाय'. बारा. शेडवरून गेली की रोज लिहिते. कोण आली, कोण नाही. उरल्या मासळीचे वाटे पाडायला सोपं जातं म्हणे. मला माहीतच नव्हतं. चौथीपर्यंत शिकली आहे ती, अक्षर माझ्यापेक्षा बरं.

संगणकाशी लावून बघायला बसले. ऑक्टोबर जुळला, जुळला, आणि मग एक दिवस जुळेना. कॅलेंडरवर बारा, संगणकात तो दिवसच नाही. चौकोनात बघितलं. तृतीया. आदल्या चौकोनात बघितलं. तृतीया.

संगणकात शोधलं. तृतीया एकच.

वृद्धी तिथी. सूर्योदयाला सलग दोन दिवस तीच तिथी असते, कॅलेंडरवर छापलेली असते, लहानपणापासून बघतेय. संगणकाला मी सांगितलं होतं, एक नाव एकदाच. दुसरा दिवस आला, त्याच नावाचा, त्याने पहिल्याच्या अंगठ्यावर दुसऱ्याचा अंगठा लिहिला. दोन दिवसांचा एक केला. शांतपणे. एकदाही विचारलं नाही.

नोव्हेंबरात पंचमी. डिसेंबरात द्वादशी. आणि ऑफिसच्या कॅलेंडरवर बघितलं, जानेवारीत दशमी, सत्तावीस आणि अठ्ठावीस. चार दिवस. दोनशे छत्तीस आणि चार, दोनशे चाळीस. आतेचे पुरते भरतात!

आतेला म्हटलं, "तू खरी. मी चुकले." तिने मला उठून बसायला लावलं आणि पाणी दिलं.

एकादशी दोनदा आली तर उपास कोण धरेल! त्या दिवशी हसले होते मी. स्मार्त आणि भागवत, आमच्या घरी बाबा दोन्ही एकादश्या धरायचे.

१२ मार्च

मितेशने फोनवर माझ्याकडून चारही तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाला, "बेन, मी विचारले होते." मग लगेच, "सॉरी, तसे नाय म्हणायचे." म्हण बाबा. खरंच आहे.

मशीन महिनाभराच्याच नोंदी धरून ठेवतं, आणि सप्टेंबरनंतर त्या उतरवून ठेवायची गरज त्याला वाटली नव्हती. जानेवारीचंसुद्धा गेलेलं. पुढच्यासाठी तो तिथीच्या मागे तारीख जोडून देतोय, दहा मिनिटांचं काम. मागचं त्याच्या हातात नाही.

देसाईसाहेबांना खरं काय ते सांगितलं. चूक माझी, मितेशची नाही, मशीनची नाही. ते म्हणाले, "तोंडी चालणार नाही. लेखी पुरावा आणा, अस्सल. झेरॉक्स नको. एकतीस मार्च, संध्याकाळी पाच."

"कॅलेंडर चालेल?"

"कसलं कॅलेंडर?"

"भिंतीवरचं, साहेब."

म्हणाले, "आणा तर."

१६ मार्च

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही पानं आहेत. आठांपैकी चौघींचं तेवढ्यावर भागतं. सुमन, मंदा, रेवती आणि आते यांना जानेवारीची दशमीही लागते.

जानेवारीचं पान नाही. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवरून फाडलंय. आते म्हणते, महिना संपला की मी पान फाडते, सुकट बांधायला बरं पडतं, कागद जाड असतो. मागल्या वर्षाची का नाही फाडली? दिवाळीनंतर सुकट घातलीच नाही जास्त, म्हणून राहिली.

"कोणाला दिलीस बांधून?"

"दिली चार जनींना. आता आठवतंय कुठं?"

२६ मार्च

दहा दिवस घरोघर विचारत फिरतेय. काल स्कूटी घेऊन धाकट्या डहाणूतल्या अकरा घरांत. एकीने चुलीत घातलेलं पान आठवून सांगितलं, ते फेब्रुवारीचं निघालं. सुमनने आपल्या घरातले डबे ओतून दाखवले, अंगणभर सुकट.

रेवती वाटेत भेटली की तोंड फिरवते. बरोबर आहे तिचं.

झोप नाही, भूक नाही. संगणकावर काहीही काम करताना माऊस आपोआप त्या 'हजेरी दुरुस्ती'कडे जातो.

२९ मार्च

सापडलं.

माझ्याच स्वयंपाकघरात. वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा, साखरपुड्यानंतर आतेने आणून दिलेली सुकट. आजवर उघडलीच नव्हती. ह्यांनी सहज म्हटलं, आज सुकटीची चटणी कर. डबा काढला, आत पुडी, पुडीवर देवाचं चित्र आणि जानेवारी.

ओट्यावरच उलगडलं. सुकट सांडली सगळीकडे. सत्तावीस, दशमी : बारा. अठ्ठावीस, दशमी : अकरा. खाली तिचं बारीक अक्षर,

'मी नाय. भावूकडं.'

भावू म्हणजे मी. आते एकटीच तसं म्हणते.

सत्तावीसला सगळ्या गेल्या. अठ्ठावीसला अकराजणी गेल्या आणि माझी आते माझ्याकडे पुऱ्या लाटत होती. एक दिवस नाही गेलीस तर असं काय मोठंसं होणार आहे. माझंच वाक्य.

अठ्ठावीसला तिची करंगळीच लागली नाही, म्हणून सत्तावीसची जागेवर राहिली, मोजली गेली. तिचे तीनच दिवस बुडालेत. दोनशे एकोणचाळीस.

३० मार्च

सकाळपासून पान पिशवीत घेऊन फिरतेय. मनात काय काय येतंय ते इथे तरी खरं लिहावं.

पान दिलंच नाही तर? सुमन, मंदा, रेवती यांचा दिवस गेला. त्यांच्याकडे दुसरा पुरावा नाही.

पान दिलं आणि त्या दोन ओळी नसत्या तर? निळं पेन माझ्याकडे आहे, ब्लेडही आहे. कागद जाड आहे, खरवडला जाईल. अकराचे बारा करायला एक वळण पुरे.

किंवा कागदाला हातच लावायचा नाही. दुसरा कुठला तरी दिवस, सप्टेंबरातला, 'हजेरी दुरुस्ती', तारा, हजर. तेव्हा सव्वाचारशे वेळा दाबलं तेच बटण आणखी एकदा. कोण विचारणार?

दुपारी आतेकडे गेले. ती सारवलेल्या ओट्यावर पाय पसरून गुडघ्याला लेप लावत होती. पान दाखवलं. तिने चष्मा लावला, चौकोन बघितला, आणि चेहरा उजळला. "श्रुतीचा साखरपुडा! या दिशी व्हता."

"आते, एक दिवस कमी पडतो."

तिने आधी विचारलं, "मंदाचा व्हतो?"

"होतो. त्या तिघींचा होतो. तुझाच..."

"मंग काय. नव्हते तं नव्हते."

मी बटणाचं सांगितलं. बोलून गेले. ती लेप लावायची थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्या कागदावर मी रोज खरं लिवलं म्हनून तं या सात जनींचं काम झालं ना गो? मंग एक दिवस खोटा घालून त्यांचंच बुडवू?"

मग म्हणाली, "चहा ठेव."

चहा मी केला. साखर दोनदा पडली. ती तसाच प्यायली.

३१ मार्च

तलासरीला बसने गेले, मांडीवर चार पानं, पुठ्ठ्यात घालून. पान जसं होतं तसं. तेलाचे डाग, सुकटीचा वास. शेजारची बाई दोनदा सरकून बसली.

देसाईसाहेबांनी एकेक चौकोन संगणकाशी लावून बघितला. दीड तास. मधे एकदा वास घेतला. शेवटी म्हणाले, "हे कुठल्याही न्यायाधीशासमोर टिकेल मॅडम. बाईने स्वतःची गैरहजेरीसुद्धा लिहिली आहे."

"तेच सांगायचंय साहेब."

सांगितलं सगळं. साखरपुडा, भरती, माझं वाक्य. ते पेन बोटांत फिरवत ऐकत होते.

"म्हणजे हा दिवस सॉफ्टवेअरने नाही खाल्ला."

"नाही. मी खाल्ला."

"मग मी तो सॉफ्टवेअरमध्ये घालू कुठे?"

मी म्हटलं, शेऱ्यात घाला. त्यांनी शेऱ्याचा रकाना उघडला आणि संगणक माझ्याकडे वळवला. तुम्हीच लिहा म्हणाले. तीस अक्षरं. लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून घरी राहिली, अकरा वर्षांत...' एवढ्यातच रकाना भरला. खोडलं. आखूड केलं. परत भरला. साहेब उठून खिडकीपाशी गेले, हायवेवरचे ट्रक बघत उभे.

शेवटी बसलं ते : भावनाकडे होती. चूक माझी.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "मुख्य संचालकांना विचारतो. आश्वासन देत नाही."

पाचला तीन मिनिटं कमी असताना यादी वर गेली. सातजणींपुढे हिरवी खूण. आतेच्या नावापुढे पिवळी. पिवळीचा अर्थ विचारला तर साहेब म्हणाले, त्यांनाही ही पहिल्यांदाच दिसतेय.

१ एप्रिल, चतुर्दशी

पूर्ण भरती साडेदहा, हजेरी दहा. तलासरीहून फोन नाही.

सुमन, मंदा, रेवती पेढे घेऊन आल्या होत्या. आतेसमोर डबा उघडायला तिघीही तयार नव्हत्या. शेवटी तिनेच हिसकावून घेतला, पहिला पेढा मला, दुसरा देव्हाऱ्याला, तिसरा मशीनवर ठेवला. "खा गो. तू बी नवीन वर्साला लाग."

मग करंगळी लावली. पुन्हा प्रयत्न करा. पदराला पुसून परत लावली. पुन्हा प्रयत्न करा. तिसऱ्यांदा फुंकर मारून लावली. थँक यू.

"बरं गो," आते म्हणाली आणि गुडघा धरत शेडात गेली.

मी संगणक उघडला. नवीन वर्ष सुरू झालंय, त्याने मागचे सगळे आकडे रात्रीतून पुसून टाकलेत. यादीत तिचं नाव शोधलं.

तारा. एकूण उपस्थिती : एक दिवस.